मराठवाड्यातला उन्हाळा: रात्रीचं आकाश आणि पाणवठ्यावरची जनावरं टिपताना

मार्च ते जूनचा पहिला आठवडा हा मराठवाड्यात फोटोग्राफीचा सुना काळ समजला जातो. खरं तर वर्षातला सर्वांत कामाचा काळ हाच. नाले आटतात, गवत वाळून बसतं, रान आरपार दिसायला लागतं आणि जनावरांना मोजक्याच पाणवठ्यांवर यावं लागतं. याच महिन्यांत आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग, म्हणजे वृश्चिक आणि धनू राशींमधला गाभा, रात्री दक्षिणेला वर येतो. अडचण एकच. आकाशाला अंधार लागतो, तर जनावरांच्या कामात चंद्र सोबतीला असलेला बरा. म्हणून महिन्याचे दोन भाग पाडा: अमावस्येच्या बाजूचे दिवस आकाशाला, पौर्णिमेच्या बाजूचे जनावरांना. एका फेरीत दोन्ही उरकायला गेलं, की रात्रभराच्या जागरणानंतर पहाटे सहाला डोळे मिटतात आणि नेमकी काळवीट पाण्यावर यायची वेळ निघून जाते.

तिथी आणि घड्याळ

भिंतीवरचं पंचांग इथे ॲपपेक्षा कमी पडत नाही. मार्चच्या मध्याला गाभा रात्री सव्वा वाजल्यानंतर आग्नेयेला उगवतो, म्हणून फोटोसाठी पहाटे तीन ते पाच. एप्रिलच्या मध्याला तो साडेअकराच्या सुमारास क्षितिजावर येतो, पण धुळीच्या थरातून वर यायला त्याला एक-दीड तास लागतो. तेव्हा एक ते साडेचार ही वेळ धरा. मेच्या मध्याला तो साडेनवाच्या आतच उगवतो आणि अडीच-पावणेतीनला बरोबर दक्षिणेला, सर्वांत उंच असतो. ही उंची आपल्याकडे क्षितिजापासून ४१-४२ अंश भरते. हात ताठ केला की मुठीची रुंदी साधारण दहा अंशांची, म्हणजे चार मुठी. मेमध्ये पहाटे साडेचारला फटफटायला लागतं, त्यानंतर काढलेल्या फोटोत निळी झाक येते.

वद्य द्वादशी ते शुद्ध चतुर्थी हे दिवस निर्धास्त. त्यापुढे थोडा हिशेब करावा लागतो. शुद्ध पक्षात चंद्र आधी मावळतो, वद्य पक्षात उशिरा उगवतो. एप्रिलमध्ये गाभा मध्यरात्रीनंतरच वर येत असल्याने शुद्ध सप्तमीपर्यंतही चालतं, कारण तोवर चंद्र गेलेला असतो. वद्य दशमीला मात्र दोन-अडीचलाच चंद्र उगवतो आणि ऐन वेळेचं वाटोळं करतो. मेमध्ये उलट: वद्य दशमीलाही रात्री साडेदहा ते दोन असा भरपूर अंधार हाती लागतो.

लवकर जागेवर पोचलात तर दक्षिणेकडे त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांच्या क्रुसाचं नक्षत्र (सदर्न क्रॉस), शोधा. एप्रिलच्या मध्याला रात्री अकरा-साडेअकराला आणि मेच्या मध्याला साडेनवाच्या आसपास तो सर्वांत वर असतो. तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम एक मूठ. कन्नडपेक्षा लातूर-औसा भागात तो दोन अंश जास्त वर दिसतो, आणि इतक्या खाली दोन अंशांनीही फरक पडतो. झाड, टेकडी किंवा गावाचा दिवा आड आला की संपलं.

जागा

नियम सोपा आहे: शहर पाठीशी, म्हणजे उत्तरेला असलं पाहिजे. गाभा दक्षिणेला असतो, त्यामुळे दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटरवर तालुक्याचं गाव असलं तरी त्याच्या उजेडाचा पिवळा घुमट फोटोत येतोच. छत्रपती संभाजीनगरच्या लोकांनी म्हणूनच शहराच्या दक्षिणेला, नाथसागराच्या उत्तर काठाकडे जावं. समोर पाणी, मागे शहर. पण नाथसागराचा परिसर जायकवाडी पक्षी अभयारण्यात येतो, तेव्हा कुठे थांबता येईल ते वन विभागाला विचारून घ्या. धरणाची भिंत आणि दरवाजे हा सुरक्षेचा भाग, तिकडे ट्रायपॉड लावूच नका. बीड-धाराशिवकडच्यांना बालाघाटाचं पठार जवळचं. तिथे पवनचक्क्या असतील तर त्यांचे लाल दिवे लांब एक्सपोजरमध्ये ठिपके होऊन बसतात, त्या चौकटीबाहेर राहतील अशी दिशा निवडा. देवगिरी, नळदुर्ग, परांडा असे किल्ले पुढे घेऊन आकाशगंगा काढायची इच्छा सगळ्यांनाच होते. संरक्षित स्मारकं संध्याकाळीच बंद होतात, बाहेरच्या रस्त्यावरून जमलं तर बघा. एकटी बाभूळ, जुनी विहीर, गावाबाहेरची दीपमाळ यांवरही काम छान भागतं.

जागा दिवसा बघून ठेवा आणि शेतमालकाला भेटा. रात्री शिवारात परकी माणसं आणि गाडी दिसली की गावाला पहिला संशय येतो तो मोटारीची केबल किंवा वाळू चोरणाऱ्यांचा. "काका, रात्री चांदण्यांचे फोटो काढायचेत, पहाटे पाचपर्यंत बांधावर थांबू" एवढं सांगून पोलीस पाटलांच्या कानावर घातलं की झालं. बहुतेक वेळा काकाच खाट टाकून देतात.

उन्हाळ्यात चांदण्यांचा खरा शत्रू धूळ. शेतातल्या काडीकचऱ्याचा आणि पाचटाचा धूरही त्यात मिसळतो. दिवसा आकाश निळं न दिसता पांढुरकं दिसत असेल, तर त्या रात्री गाभा फिका येणार हे धरून चला. वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की धूळ खाली बसते. ढग फाकल्यावरची पुढची रात्र सोडू नका.

आकाशाचा फोटो: आकडे आणि फोकस

रुंद लेन्स (फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १४ ते २४ मिमी, क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर १० ते १८ मिमी), हलणार नाही असा ट्रायपॉड आणि दोन भरलेल्या बॅटऱ्या. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल, मॅन्युअल मोड, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची मांडणी) ३९०० ते ४२०० केल्विन. शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचा जुना ठोकताळा ५०० भागिले फोकल लेंग्थ असा आहे. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्याने तारे लांबट होतात. ५०० ऐवजी ३०० घ्या. १४ मिमीला २० सेकंद, २४ मिमीला १२. क्रॉप सेन्सर असेल तर फोकल लेंग्थला आधी १.५ ने गुणा: किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सच्या) १८ मिमीचे होतात २७, म्हणजे ११ सेकंद.

सुरुवात एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तेवढं जास्त उघडं), २० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनक्षमता) ३२०० वर करा. किट लेन्स एफ ३.५ वर असेल तर आयएसओ ६४००. पडद्यावरच्या उजेडावर विश्वास ठेवू नका. अंधारात डोळे विस्फारलेले असतात, त्यामुळे काळपट फोटोही झकास वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, पाहा. त्याचा डोंगर डाव्या कडेला चिकटलेला नसावा, कडेपासून पाव भाग आत असावा.

रात्र वाया जाते ती बहुधा फोकसमुळे. लेन्सवरची अनंताची खूण बरोबर असतेच असं नाही. ऑटोफोकस आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की लागणारी नारिंगी स्वाती, किंवा वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा, यांपैकी जी वर असेल ती लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावरच्या थेट दृश्यात) मधोमध घ्या आणि दहापट मोठी करा. रिंग केसाएवढी फिरवत जा. ताऱ्याचा गोळा लहान होत होत टाचणीच्या टोकाएवढा होतो. रिंग आणखी पुढे गेली की कडेला जांभळी किंवा हिरवी किनार उमटते आणि गोळा पुन्हा फुगतो. किनार दिसली की किंचित मागे या. आता रिंगवर वैद्यकीय चिकटपट्टी लावा. एक फोटो काढून चारही कोपरे मोठे करून तपासा. दर तासाने पुन्हा बघा, कारण रात्री नऊला ३४ अंश असलेलं तापमान पहाटे २५ पर्यंत उतरतं, लेन्स आकसते आणि फोकस सरकतो.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास सेन्सरच्या गरमीचा. तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की सेन्सरमधला उष्णतेचा गोंगाट जवळपास दुप्पट होतो. थंडीत स्वच्छ येणारा आयएसओ ३२०० मेमध्ये लाल-निळ्या ठिपक्यांनी भरून जातो. यावर उपाय म्हणजे एकाच चौकटीचे लागोपाठ १५-२० फोटो काढायचे आणि शेवटी लेन्सवर टोपी लावून, तेच शटर आणि तोच आयएसओ ठेवून आठ-दहा काळे फोटो घ्यायचे. काळे फोटो तिथेच, त्याच गरमीत काढा. घरी पंख्याखाली काढलेल्यांचा उपयोग नाही. विंडोजवर सिक्वेटर हा फुकटचा प्रोग्राम हे सगळं एकत्र करून देतो: तारे जुळवतो, जमीन स्थिर ठेवतो, ठिपके वजा करतो. दोन फोटोंमध्ये चार-पाच सेकंद जाऊ द्या. लाइव्ह व्ह्यू सतत चालू ठेवला तर सेन्सर आणखी तापतो, म्हणून चौकट ठरली की बंद करा.

जमीन उजळ हवी असेल तर आकाशाचे फोटो झाल्यावर, ट्रायपॉड न हलवता, आयएसओ १६०० वर तीन-चार मिनिटांचा एक वेगळा फोटो घ्या आणि नंतर जोडा. बॅटरीचा झोत झाडावर फिरवायची पद्धत जुनी झाली. त्याने बाभूळ लग्नाच्या मंडपातली वाटते.

ताऱ्यांच्या रेषा काढायच्या तर तोंड उत्तरेला करा. आपल्याकडे ध्रुव १८ ते २० अंशांवर, म्हणजे दोन मुठी वर असतो, त्यामुळे झाड आणि ध्रुव एका चौकटीत सहज बसतात. एफ ४, आयएसओ ८००, ३० सेकंदांचे १२० फोटो, मध्ये एक सेकंद. तासाभरात प्रत्येक तारा १५ अंशांचा कंस काढतो. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद असलंच पाहिजे, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो आणि रेषा तुटक येतात. या कामाला थोडं चांदणंही चालतं.

मोबाइल असेल तर प्रो मोड, रॉ, फोकस अनंतावर, आयएसओ १६०० ते ३२००, १० ते १५ सेकंद, तीन सेकंदांचा टायमर. मोबाइलला छोटा का होईना, ट्रायपॉड हवाच.

जनावरं: उजेड तीन तासांचा

मेच्या मध्याला पावणेसहाला सूर्य उगवतो. साडेआठपर्यंत काम करा, मग थेट संध्याकाळी साडेपाच ते सात. मधल्या वेळेत महागडी लेन्सही हात टेकते. जमीन तापली की तिच्या लगतची हवा तापून वर उसळते, प्रत्येक उसळीत प्रकाश थोडा वाकतो आणि शंभर मीटरवरचं काळवीट पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं हलतं. लोक लेन्सला दोष देतात, फोकस तपासायला दुकानात देतात. शटर १/४००० सेकंद केलं तरी हा दोष जात नाही. ओळखायची खूण: लागोपाठच्या दहा फोटोंपैकी दोन धारदार, बाकी आठ वेगवेगळ्या तऱ्हेने मऊ. उपाय म्हणजे अंतर कमी करणं आणि काळ्या नांगरट रानावरून किंवा डांबरी रस्त्यावरून न काढता पाण्यावरून, हिरव्या पट्ट्यावरून काढणं. गाडीतून काढत असाल तर एसी आधीच बंद करा. खिडकीतून बाहेर जाणारी गार हवा आणि बाहेरची गरम हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशी मिसळते आणि तोच मऊपणा येतो. गार डिकीतून काढलेली लेन्सही पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.

किती जवळ जायचं? काळवीट चौकटीच्या एक तृतीयांश रुंदीएवढं हवं असेल तर ४०० मिमी लेन्सला फुल फ्रेमवर साधारण ४० मीटर, क्रॉप सेन्सरवर ६० मीटर. पायी एवढं जवळ जाता येत नाही, गाडीतून किंवा बसून राहून जमतं. पाझर तलाव, गावतळं किंवा वन विभागाने टँकरने भरलेला सिमेंटचा पाणवठा यांच्याकडे उजाडायच्या अर्धा तास आधी पोचा. चिमूटभर माती सोडून वारा बघा. वारा जनावराकडून तुमच्याकडे यायला हवा. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा आणि मातकट रंगाचे कपडे घाला. पाण्याच्या अगदी काठावर बसू नका, कारण तहानलेलं जनावर तुम्हाला पाहून माघारी जातं आणि मग दिवसभर पाण्याविना राहतं. चरणं थांबवून मान वर, कान तुमच्याकडे, पाय आपटणं: एवढं दिसलं की थांबा, जमलं तर मागे सरका. ४२ अंशांत त्याला पळवणं म्हणजे त्याचं अंगातलं पाणी खर्ची घालणं.

शटर काळवीट चरत असेल तर १/५००, पळताना १/१६००, उडत्या पक्ष्याला १/२०००. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ऑटो, कमाल ६४००. पूर्ण वाढलेला काळवीट नर वरून काळा, खालून पांढरा असतो. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर काळ्याला भुलून पोटाचा पांढरा भाग उडवतं, म्हणून एक्सपोजर ०.७ स्टॉपने कमी करा. बगळ्याला पूर्ण एकने. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर यांना काही करावं लागत नाही. संध्याकाळी कळप सूर्याच्या बाजूने येत असेल तर उलट्या उजेडात काढा, खुरांची धूळ सोनेरी होते, इथेही ०.७ ते १ ने कमी.

पाण्यावर कोण कधी येतं हे कळलं की अर्धी लढाई जिंकली. पखुर्डी (सँडग्राउस हे माळरानी पक्षी) सूर्य उगवल्यावर तास-दोन तासांनी थव्याने उतरतात, भराभर पितात आणि उडतात. शटर आधीपासून १/२००० वर ठेवा. वेडा राघू एकाच तारेवर किंवा फांदीवर परत परत येतो, म्हणून फोकस फांदीवर लावून वाट पाहणं बरं. मोर मे-जूनमध्ये पिसारा फुलवतो. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य त्यासाठीच ओळखलं जातं. पिसारा मावेल एवढं झूम कमी करा, ४०० मिमीवर नुसतं डोकं येतं.

माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर अंडी जवळपास आहेत. ती उघड्या मातीवर, खड्यांच्या रंगाची असतात आणि पायाखाली सहज येतात. आल्या पावली, जमिनीकडे बघत मागे फिरा. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही तिथे फोटो काढत थांबलात तर दुपारच्या उन्हात अंडी काही मिनिटांत उकडतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कळीत करणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं.

गौताळा औट्रमघाट, येडशी रामलिंग घाट, नायगाव, किनवटकडचं पैनगंगा अभयारण्य: कुठेही आत जायला आणि फोटो काढायला वन विभागाची परवानगी लागते, आणि ती वनपरिक्षेत्र कार्यालयातून आधी घ्यावी. रात्री झोत मारून जनावरं शोधणं, फ्लॅश, आमिष टाकणं, ड्रोन, हे कुठेच करायचं नाही. कच्च्या रस्त्यावर बसलेला रातवा पक्षी दिव्याने दिपतो आणि पुढच्या गाडीखाली जातो.

पौर्णिमेचा उपयोग असा. चंद्रबिंबासमोर काळवीट किंवा बाभळीवरचा मोर काढायचा तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, चतुर्दशीला जा. चंद्र सूर्यास्ताच्या पाऊण-एक तास आधी उगवतो, जमिनीवरही उजेड असतो आणि दोन्हीचं एक्सपोजर जुळतं. सेन्सरवर चंद्राचा व्यास फोकल लेंग्थ भागिले ११० एवढा पडतो: ४०० मिमीला साडेतीन मिलिमीटर. बिंब मोठं दिसावं म्हणून जनावर लांब हवं, निदान दोन-तीनशे मीटर. सुरुवात एफ ८, १/२५०, आयएसओ ४०० वर करा. बुद्धपौर्णिमेला वन विभाग मचाणांवरून पाणवठ्यांवरची प्राणीगणना करतो. तिथे बसायची संधी मिळाली तर नोंदी नीट करा, कॅमेरा दुय्यम.

ऊन, धूळ आणि विंचू

बंद गाडीत कॅमेरा किंवा बॅटरी दुपारी ठेवू नका, बॅटरी फुगते. सावलीत, पांढऱ्या, पण ओल्या नव्हे तर कोरड्या उपरण्यात गुंडाळून ठेवा. ओल्या कपड्याची वाफ लेन्सच्या आत जाते. लेन्स बदलायची तर गाडीच्या आत, काचा वर करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. काचेवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा. गमछाने थेट पुसली की दगडाची पूड काचेवर घासली जाते.

माणशी चार-पाच लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं. डोक्याच्या बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा, अंधाराला सरावलेले डोळे टिकतात. चालताना मात्र पांढरा उजेड आणि घोट्याच्या वर येणारे बूट. घोणस, फुरसं, नाग, मण्यार चारही इथे आहेत आणि उन्हाळ्यात जास्त करून रात्री फिरतात. बॅगेची चेन उघडी ठेवू नका, ट्रायपॉड उचलताना खाली बघा, दगडावर बसण्याआधी उजेड पाडा. विंचवासाठी अतिनील बॅटरी मिळते, तिच्यात तो हिरवट चमकतो. साप चावला तर बांधणं, कापणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. अवयव हलू न देता, १०८ ला फोन करून, सर्पविषावरची लस असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय गाठा. कोणतं ते जाण्याआधीच विचारून ठेवा.

मृग लागला की आकाशाचं काम थांबतं. तेव्हा बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, चिकटपट्टीचा गोंद लेन्सवरून स्पिरिटने काढा आणि ब्लोअरने सेन्सर साफ करून घ्या. धूळ कोरडी असते तोवर ती फुंकरीने निघते. पावसाळी दमट हवेत तीच चिकटून बसते आणि ओल्या सफाईचा खर्च येतो.